पलंग आधी वर घ्या

(नाशिकमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मागे फलकावर विषय लिहिला आहे, ‘घरी रुग्णसेवा करणाऱ्यांचे कामकाजी जीवन आणि स्वास्थ्य’. विषय संयोजकांचा आहे, चांगला भारदस्त आहे. मी त्याचे तीन भाग केलेत: अंग, वेळ आणि पैसा. तिन्हींना सारखा वेळ द्यायचा असा बेत आहे. वक्त्यांचे असले बेत कसे तडीला जातात ते तुम्ही जाणताच.

समोर बघतोय तर निम्मी मंडळी नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेली, काही ओझरच्या एचएएलची, म्हणजे विमान कारखान्याची, उरलेली सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली. म्हणजे शिफ्ट, रिलीव्हर, ओव्हरटाइम, सेफ्टी शूज हे काही तुम्हाला समजावून सांगायला नको. उलट तुम्हीच मला शिकवाल. माझं म्हणणं एवढंच, की हेच सगळं घेऊन एकदा आपल्या घरातल्या मागच्या खोलीकडे बघा. तिथे आजी किंवा आजोबा अंथरुणाला खिळलेत, आणि सकाळी आठला ब्युरोकडून, म्हणजे घरी रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून, एक मावशी ड्यूटीवर येतात. तुमच्यासाठी ते घर असेल. मावशींसाठी ते खातं आहे, शॉप फ्लोअर आहे. फरक इतकाच, की तिथे फोरमन आठ जण असतात आणि कामगार एक.

अंगणवाडीताई, आशाताई, वृद्धाश्रमातले कर्मचारी यांच्याबद्दल आज बोलणार नाही. त्यांचे मोर्चे निघतात, निवेदनं जातात, निदान पेपरात नाव येतं. घरोघर एकेकट्या जाणाऱ्या आया, मावशी, मामा, वॉर्डबॉय यांचा मोर्चा निघत नाही, कारण त्या एकमेकींना भेटतात त्या फक्त दारात, सकाळी आठला आणि रात्री आठला, चपला घालता घालता.

तर पहिला भाग, अंग. आणि अंगात पहिली गोष्ट, कंबर. आणि कंबरेचं कारण म्हणजे पलंग. इथे मी जरा रेंगाळणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आपल्या घरातला दिवाण मोजा. पंधरा-सोळा इंच लाकूड, त्यावर चार-पाच इंचांची गादी. म्हणजे गादीचा माथा जमिनीपासून वीस-एकवीस इंच. तो बनवला बसण्यासाठी, पाहुण्यांना चहा देण्यासाठी, दुपारी पेपर तोंडावर घेऊन पडण्यासाठी. झोपलेल्या माणसावर उभं राहून काम करण्यासाठी तो बनवलेलाच नाही. उभं राहून काम करायला गादीचा माथा किती उंच हवा? सोपी खूण सांगतो. मावशींना पलंगाशेजारी सरळ उभं राहायला सांगा, हात सैल सोडायला सांगा. मनगट जिथे येईल, साधारण तिथे गादीचा माथा हवा. पाच फूट उंचीच्या बाईचं मनगट एकोणतीस इंचांच्या आसपास येतं. म्हणजे आपला दिवाण आठ-नऊ इंच बुटका आहे. हे आठ-नऊ इंच मावशी कुठून भरून काढतात? कंबरेतून वाकून.

आता वाकून काय करतात त्याचा हिशेब मांडू. प्रेसमधली मंडळी हिशेबाला पक्की, चुकलो तर थांबवा. पेशंट साठ किलोचा धरा, स्वतःहून कूस बदलू न शकणारा. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, हा सर्वसाधारण नियम. बारा तासांत सहा वेळा. डायपर चार वेळा बदलला, तर प्रत्येक वेळी एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर; झाले आठ. स्पंजिंगला, म्हणजे ओल्या कापडाने अंग पुसायला, दोन, खालची चादर बदलायला दोन. शिवाय पेशंट पायथ्याकडे घसरतो, त्याला वर ओढायचं तीन-चार वेळा. एकवीस-बावीस झाले ना? माणसाचा एक पाय म्हणजे शरीराच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा. साठ किलोच्या माणसाचा नुसता एक पाय उचलून धरायचा तर नऊ-दहा किलो, आणि तो धरायचा डाव्या हाताने, कारण उजव्या हाताने पुसायचं असतं. वाकून. कधीकधी पेशंट हात झाडत असताना.

अमेरिकेत नायॉश नावाची कामगार-सुरक्षेची सरकारी संशोधन संस्था आहे. वजन उचलण्याचं त्यांचं एक सूत्र आहे. सगळं अनुकूल असेल, खोकं अंगाजवळ असेल, पकड चांगली असेल, तर जास्तीत जास्त तेवीस किलो. पण खोकं निपचित असतं. माणूस हलतो, घाबरतो, ऐनवेळी गळ्यात हात टाकतो. म्हणून पेशंटच्या बाबतीत हाताने उचलायची मर्यादा त्यांच्याच तज्ज्ञाने पस्तीस पौंड, म्हणजे सोळा किलोच्या आसपास सुचवली. आता साठ किलोच्या आजोबांना उशीकडे ओढणाऱ्या एकट्या मावशी डोळ्यांसमोर आणा. अंबडच्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात असं काम एकट्याला दिलं असतं, तर तुमच्या युनियनने गेटवर सभा घेतली असती. (हशा) हसू नका, तुमच्यातलेच काही त्या सभांना असतील.

यावर लोक म्हणतात, आम्ही दवाखान्यातला पलंग भाड्याने आणलाय. शाबास. पण काय आणलंय ते बघा. भाड्याने मिळतो तो बहुधा सेमी-फाउलर. पायथ्याला एक हँडल, ते फिरवलं की डोक्याकडचा भाग वर येतो. फाउलर घेतलात तर दोन हँडल, गुडघ्याचा भागही वर येतो. दोन्हींमध्ये अख्खा पलंग वर-खाली होत नाही! त्यासाठी हाय-लो सोय असलेला पलंग मागावा लागतो, तो वेगळा, महाग. दुकानदार सांगत नाही, कारण कुणी विचारतच नाही. आपण विचारतो, ‘रंग पांढराच आहे का?’

मग काय करायचं? पलंग उंच करायचा. पण ऐका, विटा रचून नको. तीन विटा एकावर एक ठेवल्या की नऊ इंच होतात, हिशेब बरोबर जुळतो, आणि चौथ्या दिवशी एक वीट सरकते. पलंग तिरका, पेशंट कठड्यावर. सुताराकडून सहा इंच बाय सहा इंचांचे भरीव लाकडी ठोकळे करून घ्या. प्रत्येक ठोकळ्याच्या माथ्यावर पलंगाचा पाय बसेल अशी इंच-दीड इंच खोल खाच हवी. पाय खाचेत बसला पाहिजे, नुसता वर टेकलेला नको. खाचेची खोली वजा करून उंची धरा. इथे लोक हमखास चुकतात आणि मग ‘दीड इंच कमीच पडलं’ म्हणतात. खाली रबराचा तुकडा चिकटवा, फरशीवर घसरत नाही. लोखंडी कॉट असेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून चारही पायांना पाइपचे तुकडे वेल्ड करून घ्या. सातपूर-अंबडला वेल्डर शोधायला जावं लागतं असं कुणी म्हणणार असेल, तर त्याने हात वर करावा. बॉक्सचा दिवाण असेल, म्हणजे ज्याला पायच नाहीत, खाली गोधड्या आणि बंद पडलेला मिक्सर भरलेला आहे, तर तो नादच सोडा. साधी कॉट आणा.

आणि आता मोठा अपवाद. हे सगळं पूर्ण अंथरुणाला खिळलेल्या पेशंटसाठी. जो स्वतः उठतो, किंवा उठायचा प्रयत्न करतो, त्याला उंच पलंगावर ठेवाल तर पडेल आणि खुबा मोडेल. त्याच्यासाठी पलंग गुडघ्याइतका हवा, सतरा-अठरा इंच. काठावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत. विसरभोळेपणाचा आजार असेल, रात्री उठून ‘मला ड्यूटीला जायचंय’ म्हणत निघणारे आजोबा असतील, तरीही खालीच. तिथे हाय-लो पलंगाचं भाडं परवडतं का ते बघा. उंच पलंगाला कठडे लावायलाच हवेत, आणि मावशी पाठ फिरवतील तेव्हा कठडा वर हवा.

उंचीइतकीच महत्त्वाची पलंगाची जागा. आपण पलंग भिंतीला लावतो, खोली मोठी दिसते म्हणून. मग मावशींना एकाच बाजूने काम. पलीकडची चादर खोचायची तर तीन फूट ओणवं व्हायचं. भिंतीपासून दोन फूट पलंग ओढा. खोली लहान दिसेल. पाहुण्यांना सांगा, इथे काम चालतं. डबलबेडवर पेशंट ठेवू नका. तिथे मावशींना गादीवर गुडघे टेकून चढावं लागतं आणि मग घरातले म्हणतात, ‘मावशी बेडवर बसतात!’

आता ओढण्याची रीत. उचलायचं नाही, सरकवायचं. जुनं मऊ सुती लुगडं किंवा धोतर दुहेरी करून पेशंटच्या खाली आडवं घाला, खांद्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत. ही ड्रॉ शीट. वर सरकवायचं तेव्हा आधी डोक्याकडचा भाग सपाट करा. चढावर ओढू नका. एकेक उशी काढा. दोन माणसं दोन बाजूंना. कापडाची कड गुंडाळत पेशंटच्या अंगालगत आणा, मूठ तिथेच धरा. कापडाचं टोक दूर धरलं की जोर सगळा खांद्यावर येतो. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, कंबर सरळ. एक-दोन-तीन म्हणून अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकायचा. हाताने खेचायचं नाही. एकटं असताना कूस बदलायची असेल तर पेशंटचा पलीकडचा गुडघा वाकवून घ्या, हात छातीवर ठेवा, आणि खांदा व खुबा धरून स्वतःकडे वळवा. वाकलेला गुडघा अर्धं काम करतो. छत्रीच्या कापडाची दुहेरी नळी शिवून ड्रॉ शीटच्या खाली घातली तर माणूस लोण्यासारखा सरकतो; पण काम झाल्यावर ती काढून घ्या, नाहीतर पेशंट पलंगावरूनही तसाच सरकेल.

आणि मुळात तो घसरतो का? डोक्याकडचा भाग वर करताना गुडघ्याखाली काही ठेवलं नाही म्हणून. आधी गुडघे वर, मग डोकं. फाउलर नसेल तर गुडघ्याखाली लोड. एवढ्याने दिवसाकाठी दोन-तीन ओढण्या वाचतात, आणि माकडहाडावरची कातडी घासून जखम होते तीही टळते. मावशींची कंबर आणि आजोबांची पाठ, दोघांचं हित एकाच लोडात आहे.

दुसरं माणूस कुठून आणायचं, असं विचाराल. ब्युरो एकच पाठवतो. पण घरात असतं की माणूस! नातू कॉलेज रोडच्या जिममध्ये महिन्याचे पैसे भरून साठ किलो उचलतो. घरात साठ किलोचे आजोबा फुकट पडून आहेत. (हशा) त्याला सांगा, सकाळी जायच्या आधी एक सेट आणि रात्री आल्यावर एक सेट. गंमत सोडा, पण स्पंजिंग आणि चादर बदलणं ही दोन कामं दोन माणसांचीच आहेत. त्यांच्या वेळा घरातल्या माणसाच्या सोयीने ठरवा. मावशी आठला आल्या की सव्वाआठला, तो ऑफिसला जायच्या आधी. हे ठरवून न घेतल्याने होतं काय, की अकरा वाजता घरात कुणी नसताना मावशी एकट्या हे सगळं करतात आणि रात्री घरी गेल्यावर स्वतःच्या कंबरेला बाम चोळतात. बामाचे पैसे ब्युरो देत नाही.

म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ सालापासून. राज्यभरातले डॉक्टर पदवी घेतात ती आपल्या गावातून. अभिमानाची गोष्ट आहे. मावशींना मात्र पहिल्या दिवशी ब्युरोत काय मिळतं? पत्ता आणि एक फोन नंबर. ‘पॅरालिसिसचा पेशंट आहे, नळी आहे, जमेल ना?’ एवढंच प्रशिक्षण. राईल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात गेलेल्या नळीतून, दूध घालताना पेशंट किमान तीस अंश उंच हवा, नंतरही अर्धा-पाऊण तास तसाच ठेवायचा, आधी-नंतर तीस मिली पाण्याने नळी धुवायची. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली ठेवायची, कूस बदलताना पोटावर ठेवायची नाही. हे ज्या घरात कुणी नीट सांगत नाही, तिथे पेशंटला ठसका लागला की दोष मावशींचा. अंगावर जबाबदारी आहे आणि हातात माहिती नाही, यातून जी धास्ती बसते ती झोपेतही सुटत नाही. स्वास्थ्य म्हणतात त्यात हीही आली. डिस्चार्जच्या दिवशी मावशींना दवाखान्यात घेऊन जा, सिस्टरकडून त्यांच्यासमोर एकदा करून घ्या, एकदा त्यांच्या हातून करून घ्या. आणि ते कागदावर लिहून भिंतीला लावा, मराठीत, मोठ्या अक्षरात.

अंगाच्या भागात संसर्गाचंही सांगायला हवं, ते पटकन सांगतो. हेपॅटायटिस बीची लस तीन डोसांत, पहिल्यानंतर एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. मावशींनी घेतली आहे का हे आपण कधी विचारलंय? इन्सुलिनची सुई वापरल्यावर टोपण परत लावायचं नाही, त्यातच बोटाला टोचते. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत टाकायची. पेशंटला खरूज झाली तर मलम पेशंटसोबत मावशींना, घरातल्या सगळ्यांना आणि मावशींच्या घरीसुद्धा, एकाच दिवशी. नाहीतर ती दोन घरांत महिनोन् महिने फिरत राहते आणि ‘मावशींनी आणली’ असं ठरतं. डायपर कागदात गुंडाळून, खूण करून, घंटागाडीत वेगळे द्यायचे. ते कोण नेऊन देणार हे पहिल्या दिवशी ठरवा, कारण सकाळच्या घंटागाडीची वेळ आणि ड्यूटी बदलण्याची वेळ नेमकी एकच येते आणि मग दोघी मावशी एकमेकींवर रुसतात.

संयोजक घड्याळाकडे बघतायत. किती झाले? पंचवीस मिनिटं? मग दुसरा भाग घेतो. वेळ.

तुमच्या वेळी कारखाना कायदा होता, १९४८चा. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, दिवसाला नऊ, जादा कामाला दुप्पट दर, आठवड्याची सुट्टी. तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ. तो कायदा घराला कधी लागला नाही. मावशींची शिफ्ट बारा तासांची, आठ ते आठ, आणि पुष्कळ ठिकाणी सातही दिवस. बारा सत्ते चौऱ्याऐंशी. यात जाण्यायेण्याचा वेळ नाही. पेठ रोडला, फुलेनगरला, सिडकोत राहणारी बाई गंगापूर रोडला किंवा इंदिरानगरला आठला पोचायची तर सहाला उठून स्वयंपाक करून निघते. सिटीलिंकची बस चुकली, निमाणीला शेअर रिक्षा भरली नाही, की दहा मिनिटं उशीर. त्या दहा मिनिटांत रात्रपाळीची मावशी अडकून असते, कारण पेशंट सोडून जाता येत नाही. प्रेसच्या गेटवर रिलीव्हर आला नाही तर कुणाला तरी डबल ड्यूटी लागते आणि तिचे पैसे मिळतात. इथे फक्त कुरकुर मिळते. उपाय साधा आहे. आठ ते आठ ऐवजी एकीला पावणेआठला बोलवा, पंधरा मिनिटं दोघी एकत्र असू द्यात, त्या पंधरा मिनिटांचे पैसे द्या. कूस शेवटची कधी बदलली, लघवी किती झाली, काय खाल्लं, हे वहीत लिहिलेलं एकीने दुसरीला वाचून दाखवायचं. ही वही मावशींचं रक्षण करते बरं का. ‘तुम्ही काही लक्षच देत नाही’ या वाक्यावर तारीख-वेळेसकट उत्तर असतं.

आता चोवीस तासांची मावशी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडच्या मुली, बाया घरातच राहून काम करतात. बारा-बारा तासांच्या दोन मावशींपेक्षा हिचा दर कमी पडतो म्हणून घरोघर हीच पसंती. पण गणित करा. दर दोन तासांनी कूस बदलायची असेल, तर सलग झोप दोन तासांहून जास्त मिळूच शकत नाही. महिनाभर. मग एका पहाटे तिला जाग येत नाही, आणि आपण म्हणतो, ‘झोपाच काढते’. ज्याला रात्री दोन तासांनी हलवावं लागतं अशा पेशंटला चोवीस तासांना एकच बाई ठेवता येत नाही. ही दया-मायेची गोष्ट नाही, भागाकाराची आहे. रात्रीची एक पाळी घरच्यांनी घ्या, अकरा ते चार असे सलग पाच तास तिला दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपू द्या. एअर बेड, म्हणजे हवेची गादी, आणलाय म्हणून कूस बदलायची नाही असं नसतं. पण कातडी चांगली असेल तर रात्रीचं अंतर थोडं वाढवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी, चोवीस तासांची, बदली माणूस आधीच ठरवून. ‘आमच्याकडे ती घरच्यासारखीच राहते’ असं म्हणणाऱ्या घरात मी आधी हेच विचारतो, की मग सुट्टी कधी? घरच्यासारखं म्हणजे घरातल्या सुनेसारखं असेल, तर प्रश्न मिटलाच. (हशा) हा हशा स्त्रियांच्या बाजूने जास्त आला.

जेवणाची वेळ ठरलेली हवी, अर्धा तास, बसून, त्या अर्ध्या तासात पेशंटपाशी दुसरं कुणीतरी. कोणतं संडास-बाथरूम वापरायचं हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगा. सांगत नाही, म्हणून ती विचारत नाही, म्हणून ती पाणी कमी पिते, म्हणून उन्हाळ्यात लघवीला जळजळ सुरू होते. वेगळा कप हा विषय तर मी काढतच नाही.

बरं, चिठ्ठी आलीय. ‘पाच मिनिटे’. आणि पैसा अजून राहिलाच आहे, शिवाय मनाचं सगळंच. धावत घेतो.

मन. स्मृतिभ्रंशाचे पेशंट संध्याकाळी जास्त अस्वस्थ होतात. मारतात, चावतात, ‘हिने माझ्या बांगड्या घेतल्या’ म्हणतात. तो आजार आहे, पण पाचव्यांदा ऐकल्यावर घरातला कुणीतरी मावशींच्या पिशवीकडे बघतोच. दागिने, पैसे, कपाटाच्या किल्ल्या पहिल्याच दिवशी मावशींसमोर कुलूपबंद करा. अपमान वाटतो का, तर नाही, संरक्षण वाटतं. पुरुष पेशंट किंवा घरातला पुरुष अंगचटीला येत असेल, तर २०१३च्या कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण धरलेलं आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तीन महिन्यांच्या आत. घरकामगार बाईची तक्रार असेल आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं, तर समितीने सात दिवसांत ती पोलिसांकडे पाठवायची असते. ब्युरोवाले हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगतोय.

आणि एक. दोन वर्षं सेवा केलेला पेशंट जातो, त्या दिवशी मावशींचं माणूसही जातं आणि कामही जातं. दशक्रियेला रामकुंडावर सगळे नातेवाईक येतात, मावशींना कुणी बोलवत नाही. कारण त्या दिवशी त्या दुसऱ्या घरी दुसऱ्या पलंगाशी उभ्या असतात. ब्युरोने तिसऱ्या दिवशी पाठवलेलं असतं. काम ठरवतानाच लिहून ठेवा, की काम अचानक संपलं तर पंधरा दिवसांचे पैसे देऊ. पेशंट दवाखान्यात भरती झाला तर त्या दिवसांचं काय, तेही लिहा. ‘या दिवसात येऊ नका’ असं सांगून आपण त्यांचे खाडे करतो, आणि त्या मात्र दुसरं काम धरू शकत नाहीत, कारण पेशंट कधी घरी येईल ठाऊक नसतं.

पैसा. आपण ब्युरोला देतो तो आकडा आणि मावशींच्या हाती पडतो तो आकडा, दोन्ही एकाच पावतीवर मागा. कमिशन घेणं गैर नाही, लपवणं गैर आहे. दहापेक्षा कमी माणसं असल्याचं दाखवणारे, किंवा ‘त्या आमच्या नोकर नाहीत, आम्ही फक्त नाव सुचवतो’ म्हणणारे ब्युरो पुष्कळ. कारण दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, येतं. तुम्ही सातपूरच्या ईएसआय दवाखान्यात रांगा लावल्यात, कटकट केलीत, पण कंबर धरली तर रजेचे पैसे मिळत होते. मावशींची कंबर धरली की रोज बंद.

मग निदान एवढं तरी. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८चा आहे. नोंदणी अठरा ते साठ वयात, कामगार खात्याकडे, आणि त्यासाठी घरमालकाचा दाखला लागतो. तो दाखला द्यायला आपण का कचरतो? सही केली की घर नावावर होईल असं काही नसतं. केंद्राचं ई-श्रम कार्ड २६ ऑगस्ट २०२१पासून, सोळा ते एकोणसाठ वयोगटासाठी, नोंदणी फुकट. साठीनंतर तीन हजार पेन्शन देणारी श्रमयोगी मानधन योजना आहे, पण तिच्यात प्रवेश चाळिशीपर्यंतच. आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच मावशी चाळिशी ओलांडल्यावर, नवरा गेल्यावर किंवा मुलांची फी थकल्यावर या कामात येतात, त्यांना तो दरवाजा बंदच. तरुण मुली असतील तर त्यांना आत्ताच आत ढकला. आणि अपघात विमा, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वर्षाला वीस रुपये, दोन लाखांचं कवच, अठरा ते सत्तर वय. वीस रुपये! नाशकात मिसळीबरोबरचे जादा पाव त्याहून महाग पडतात. जीवनज्योती या आयुर्विमा योजनेचे वर्षाला चारशे छत्तीस, पन्नास वर्षांपर्यंत प्रवेश. हे दोन्ही मिळून चारशे छप्पन्न रुपये तुम्ही भरा, महिन्याच्या पगाराव्यतिरिक्त. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, मे महिन्याच्या शेवटी. तेव्हा खात्यात तेवढी शिल्लक हवी, नाहीतर विमा गुपचूप बंद पडतो आणि कळतं ते गरज लागल्यावर.

अध्यक्ष उभे राहिलेत, म्हणजे आता खरंच थांबायला हवं. फॉर्म भरताना फक्त दोन गोष्टी तपासा: खातं मावशींच्याच नावाचं आहे ना, आणि वारस म्हणून त्यांनी स्वतः सांगितलेलं नाव लिहिलंय ना. नवऱ्याचं नाव आपण आपल्या मनाने लिहून टाकतो. विचारा त्यांना. धन्यवाद.